चौकातला बाक

नकाशेमास्तरांना फिट आली की ते एका गल्लीत जायचे. हे त्यांनी डॉक्टरांना एकदाच सांगितलं आणि डॉक्टरांनी गोळी वाढवली. तेव्हापासून मास्तर शहाणे झाले. भानावर आले की गुपचूप पेन्सिल मागायचे. लोक पाणी मागतात, आमचं ध्यान पेन्सिल मागतं, असं बायको म्हणायची. पण टोक काढून ठेवायची तीच.

मोजणी कचेरीत बावीस वर्षं नकाशे काढलेले, त्यामुळे गल्लीही त्यांनी रीतसर कागदावर उतरवली. एका सेंटिमीटरला पाच पावलं, कोपऱ्यात उत्तरेचा बाण. बंद दारं, पुढे एक चौक, चिटपाखरू नाही. जे पाहिलं नाही ते काढायचं नाही, हा कचेरीचा नियम त्यांनी इथेही पाळला. एकेक रेघ ओढली की छातीतली धडधड उतरायची. खरं सांगायचं तर औषधापेक्षा त्यांना त्या कागदाचाच आधार जास्त होता.

मग नवी गोळी लागू पडली. चार महिने फिट नाही. कागद ड्रॉवरमध्ये कुलूपबंद झाला.

अशात शाळेतून तक्रार आली. त्यांची आठ वर्षांची लेक चिंगी वर्गात मध्येच हरवते, हाक मारली तरी ढिम्म, अर्ध्या मिनिटाने परत येते आणि वहीत काहीबाही गिरवत बसते. बायकोने वही पुढ्यात टाकली तसं मास्तरांनी ड्रॉवरचं कुलूप उघडलं. त्यांनी कागद काढून वहीच्या पानाला लावला. रेघेला रेघ जुळली. चौकापलीकडचा रस्ता, जिथवर ते कधी पोचलेच नव्हते, तो पोरीने काढला होता.

दुखणं एकवेळ गोळीने आवरेल, पण लेक तिथे एकटी फिरते, हे त्यांना सोसवेना.

"भीती वाटते का गं तिथे?"

"नाही. तू असतोस ना पुढे. हाका मारल्या तरी वळतच नाहीस."

"शेवटचा कधी दिसलो?"

"काल."

काल मास्तर दिवसभर कचेरीत होते, पूर्ण शुद्धीवर.

डॉक्टरांची वेळ सोमवारची मिळाली. रविवारी मास्तरांनी आयुष्यात पहिल्यांदा नियम मोडला. कागदावरच्या चौकात एक बाक काढला, मापात, दोघं बसतील एवढा. इथेच बसून राहायचं, पुढे दिसणाऱ्या त्या बाबाच्या मागे जायचं नाही, असं चिंगीला दहादा बजावलं.

सोमवारी दवाखान्यात नंबराची वाट बघताना चिंगीची नजर थिजली. मास्तर तिचा हात घट्ट धरून आकडे मोजत राहिले. तेविसाला ती परत आली.

"बाक होता," ती म्हणाली. "बसले मी."

"शहाणी माझी. आणि तो?"

"तो आधीच बसला होता. सरकून जागा दिली मला." ती त्यांच्याकडे बघत राहिली. "म्हणाला, बाबाला सांग, बाक अजून लांब काढ. तू पण येणार आहेस ना, बाबा?"

आतून त्यांचा नंबर पुकारला. मास्तरांनी खिशातली पेन्सिल चाचपली. बायकोने टोक काढून ठेवलेलं होतं.