लाँचचा स्टार्टर बदलला त्या दिवशी

सातपूरला सलाउद्दीनचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं. धरणावरच्या लाँचचा स्टार्टर जळालाय, लाँच इंचभर हलत नाही, असा फोन आला तेव्हा त्याची बायको रेहाना पोळ्या लाटत होती.

"रविवारी घोटीच्या पुढे जायचंय. धरणावर," तो म्हणाला.

"मीपण येते."

लग्नाला बावीस वर्षं झाली होती. मुलगा अबरार पुण्याला नोकरीला होता, मुलगी उजमा सासरी. दुकानाच्या कामावर रेहाना कधीच गेली नव्हती. सलाउद्दीनने तिच्याकडे पाहिलं आणि "ये" एवढंच म्हणाला.

भात कापून झालेल्या खाचरांमधून त्यांची मोटरसायकल चालली होती. दुरुस्त केलेला दुसरा स्टार्टर पोत्यात गुंडाळून रेहानाने मांडीवर धरला होता. धरणापाशी पोचले तरी धुकं पुरतं उठलं नव्हतं. पाणी कुठे संपतं आणि आभाळ कुठे सुरू होतं, कळत नव्हतं.

लाँच यशोदाबाईची. पलीकडच्या पाड्यांवरून घोटीच्या बाजाराला जाणाऱ्या माणसांची ती ने-आण करायची. नवरा गेल्यापासून लाँच तीच चालवत होती.

"भाऊ, बटण दाबलं का नुसतं टक्क वाजतं. फिरत नाय," ती म्हणाली. "तुम्ही बघा, मी घरनं डिझेल घेऊन येते. भाभी, दोराकडे जरा ध्यान ठेवा. खुंटी ढिली हाय. सुटला तर हाक मारा त्यांना."

सलाउद्दीनने बॅटरीची वायर काढली आणि इंजिनाच्या खड्ड्यात उतरला. वरचा बोल्ट सहज निघाला. खालचा दिसतच नव्हता. तो कुशीवर आडवा झाला, कान लाँचच्या तळाला टेकवला आणि हाताने चाचपत पाना लावू लागला. तळाच्या पत्र्यापलीकडे पाणी डुबुक डुबुक वाजत होतं.

वर रेहाना धुक्यातून उतरलेल्या उन्हाला पाय करून बसली होती. एक पाणकावळा पंख पसरून दगडावर उभा होता. तो हळूहळू लहान होत गेला. मग तिच्या लक्षात आलं, पाणकावळा नाही, काठच लांब चाललाय. दोर पाण्यात लोंबत होता.

तिने तोंड उघडलं, पण हाक मारली नाही.

इतकी शांतता तिने कधी ऐकली नव्हती. खालून पान्याची किटकिट येत होती, मधूनच तो स्वतःशी गुणगुणत होता. दुकानात गिऱ्हाईक, घरात फोन. त्याचं गुणगुणणं तिने लग्नानंतर फक्त पहिल्या वर्षी ऐकलं होतं. लाँच सावकाश गिरकी घेत होती. डोंगर एकेक करून समोर येत होते आणि बाजूला होत होते. रेहानाने ओढणी सैल केली आणि बोटं पाण्यात सोडली.

बऱ्याच वेळाने सलाउद्दीन वर आला. कोपरापर्यंत काळा, गालाला ग्रीस. चहूकडे पाणी होतं.

"बसवला," तो म्हणाला. मग खाली बसला. "डबा काढ."

"तुम्ही काही विचारत नाही?"

"काय विचारू? पाण्याचा आवाज बदलला तेव्हाच कळलं मला. काठाशी उथळ वाजतं, इथे खोल वाजतं."

"मग वर का नाही आलात?"

त्याने फडक्याने एकेक बोट पुसलं. "तू ओरडली नाहीस. म्हटलं, राहू दे तिला."

रेहाना हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. त्याचे हात काळे होते म्हणून तिने घास करून भरवला. धुकं विरलं होतं.

जेवण झाल्यावर त्याने वायर जोडली. "दाब बटण."

तिने दाबलं. टक्क. पुढे काहीच नाही.

"आता?" तिने दूरच्या काठाकडे पाहिलं.

"घाबरू नकोस. चक्राचे दात एका जागी झिजलेत, स्टार्टर नेमका तिथेच अडकतोय." त्याने पहारीने इंजिनाचं चक्र थोडं फिरवलं. "हं, आता."

इंजिन खोकलं, धूर सोडला आणि धडधडू लागलं. पाणकोंबड्या फडफडत उडाल्या. लाँच कशी वळवतात हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. काठावरून यशोदाबाई पदर हलवत ओरडत होती, "डावीकडं! अवो, दुसऱ्या डावीकडं!" शेवटी लाँच चिखलात घुसली, तेव्हा बाजार करून घरी निघालेली माणसं पोट धरधरून हसली.

"दोर कुणी सोडला?" यशोदाबाईने विचारलं.

"मीच," सलाउद्दीन म्हणाला. "चाचणी घ्यायला नको?"

यशोदाबाईने रेहानाच्या भिजलेल्या बाहीकडे पाहिलं. माणसांनी रेटून लाँच चिखलातून काढली. टोपल्या आत आल्या, कोंबड्या आल्या, एक म्हातारी चढली.

"भाऊ, तुमचं काम तर झालं," यशोदाबाई म्हणाली. "निघणार का?"

सलाउद्दीनने बायकोकडे पाहिलं. ती आपल्या जागेवरून उठलीच नव्हती.

"एक फेरी मारून जातो," तो म्हणाला आणि तिच्या शेजारी टेकला. पलीकडचा काठ यायच्या आत, इंजिनाच्या धडधडीत, रेहानाला त्याच्या खांद्यावर गाढ झोप लागली.