जहाजाखालचा अर्धा ठोकळा

मी एक जुना लाकडी ठोकळा आहे, आणि तोही अर्धाच. माझा दुसरा अर्धा भाग कुठे आहे, हे सांगायलाच आज तोंड उघडले आहे. मित्रांनो, डौलाने समुद्रात जाणारे जहाज तुम्ही पाहिले असेल. त्याचे धुरांडे पाहिले असेल, फडफडणारे निशाण पाहिले असेल. पण बांधले जात असताना ते कशावर उभे होते, असे कधी कोणाला विचारलेत? नाही ना? नाचणाऱ्याकडे सगळे बघतात, त्याच्या पायाखालच्या जमिनीकडे कोण बघतो!

एके काळी मी डोंगरावरचे एक ताठ झाड होतो. वाटायचे, आपला जन्म उंच होण्यासाठी. पण देवाच्या मनात मला आडवे करायचे होते. ज्याने उभे केले त्यानेच आडवे केले, मग तक्रार कोणाकडे करायची? मला कापले, सावलीत ठेवून वाळवले आणि एका गोदीत आणून टाकले. तिथल्या मिस्त्रींनी बोटाच्या पेराने माझ्यावर टकटक केले, कान लावला आणि म्हणाले, “हा भरीव आहे. पोकळ लाकूड कुरकुरतं, हा खणखणीत ‘हो’ म्हणतोय.”

झाले! त्या एका शब्दावर मी जहाजाखाली गेलो.

तेव्हा आमच्या गोदीत फक्त दुरुस्ती चाले. परक्या देशांची जहाजे फुटकी, गंजकी होऊन येत. गोदीतले पाणी उपसले की जहाज अलगद आम्हा ठोकळ्यांवर बसे. काम झाले की पुन्हा पाणी सोडत, जहाज आपोआप वर उचलले जाई आणि निघून जाई. आम्ही जागचे हलायचे नाही, हाच आमचा धर्म. प्रत्येक ठोकळ्याच्या डोक्यावर पाचरी ठोकून आम्हाला जहाजाच्या कण्याशी घट्ट केलेले असे. मिस्त्रींचा एक नेम होता. सकाळी आले की खांद्यावरची पिशवी उतरवायच्या आधी हातोडा घ्यायचा आणि प्रत्येक पाचरीला एकेक ठोका द्यायचा. “रात्री लाकूड आळसावतं,” ते म्हणत, “सकाळी त्याला जागं करावं लागतं.” नेम चांगलाच होता. त्या ठोक्यांमुळे कितीतरी जहाजे आमच्यावर निर्धास्त झोपली.

एकदा एक परका कप्तान आपल्या जहाजाचे ठिगळ बघून खूश झाला आणि म्हणाला, “शिंपी उत्तम आहात तुम्ही! कापड मात्र आम्हीच विणणार.”

मिस्त्री हसले. म्हणाले, “साहेब, शिंप्याने मनावर घेतलं तर तो सूतही कातेल.”

बोलून तर गेले. पण ते शब्द त्यांना रात्रंदिवस टोचत राहिले. आणि बघा कशी देवाची करणी! काही काळाने सरकारने ठरवले, की आता आपली जहाजे आपणच बांधायची. आधी बेटांवरच्या लोकांसाठी एक प्रवासी जहाज बांधून बघायचे. ते सुखरूप पाण्यात उतरले, तर आरमाराची युद्धनौकाही इथेच बांधायची. नाही उतरले, तर पुन्हा आपली सुई, आपला दोरा आणि परक्यांची ठिगळे!

जहाजाचा आराखडा काढला इंजिनियरबाईंनी. या बाई म्हणजे मिस्त्रींची सख्खी सून. घरी त्या त्यांना ‘बाबा’ म्हणत, पण गोदीच्या फाटकातून आत आल्या की ते ‘मिस्त्री’ आणि या ‘बाई’. दोघेही हा नियम कडक पाळत, आणि बाकीचे गालात हसत.

“बाई,” मिस्त्री आराखड्यावर बोट ठेवून म्हणायचे, “ही रेघ जरा फुगलेली वाटते.”

“फुगलेलीच हवी, मिस्त्री. सपाट पोटाचं जहाज लाटेवर आपटतं.”

“म्हणजे माझं पोट समुद्रात जायच्या लायकीचं आहे म्हणायचं!”

पाण्याकडे उतरत जाणाऱ्या एका लांब उतारावर आम्हाला रांगेत मांडले. सर्वांत वर, जहाजाच्या नाकाखाली मी. माझ्यावर कणा चढला, कण्याला फासळ्या आल्या, फासळ्यांवर पोलादी पत्रे बसले. सांधे जोडणाऱ्यांत एक बाई होती. तिला सगळे ‘ठिणगी’ म्हणत, कारण तिच्या हातातूनही ठिणग्या उडत आणि जिभेवरूनही. पण गळा काय दिला होता देवाने! जड पत्रा ओढायचा असला की ती ओळ टाकायची आणि सगळी गोदी ती झेलायची:

“कणा ताठ, पाठ ताठ,
पाण्या रे, दे आम्हा वाट!”

मित्रांनो, त्या सुरात असे काही बळ होते, की जहाजाचे वजन रोज वाढत असूनही मला ते रोज हलकेच वाटे. भार तोच असतो हो. तो कोण गात गात ठेवतो, यावर सगळे अवलंबून!

आणि जलावतरणाचा दिवस उजाडला.

उतारावर वंगणाचे जाड थर दिले होते. जहाजाच्या दोन्ही बाजूंना घसरणाऱ्या लांब लाकडी पट्ट्या बसवल्या होत्या. आता एकेक ठोकळा काढून घ्यायचा, की भार त्या पट्ट्यांवर जाणार आणि जहाज पाण्याकडे सरकणार. समुद्राला मोठी भरती होती. राजधानीहून पाहुणे आले होते. बेटांवरची माणसे होड्यांतून डोळे लावून बसली होती. एकेक ठोकळा बाजूला झाला. शेवटी उरलो मी.

माझ्या पाचरीवर घण पडला. पाचर हलली नाही. पुन्हा पडला. तरी नाही. जहाज जिथल्या तिथे. ठिणगीचे गाणे ओळीच्या मध्येच तुटले. पाहुण्यांच्या खुर्च्यांमधून कोणीतरी हळूच बोलले, “शेवटी शिंपी ते शिंपीच.”

बाई गुडघ्यांवर बसून माझ्याकडे निरखून बघू लागल्या. “काल संध्याकाळी सगळ्या पाचरी तपासून मी त्यांच्या डोक्यांना चुना लावून घेतला होता. म्हणजे आता कोणी हात लावायचा नाही. घण तर बाजूने मारलेत. मग या डोक्यावरचा चुना कोणी उडवला? सकाळी ठोका देऊन ही पाचर जास्तच घट्ट कोणी केली?”

मग मिस्त्रींच्या हातातला हातोडा खाली पडला.

“मीच,” ते म्हणाले. “आल्या आल्या हात आपसूक गेला. पिशवीसुद्धा खांद्यावरच होती. तेवढ्यात कोणीतरी हाक मारली, म्हणून बाकीचे वाचले. बाई, मला कामावरून काढून टाका. माझ्या हाताने मीच...”

“बाबा!” बाई म्हणाल्या. गोदीत हा शब्द पहिल्यांदाच उमटला. “रडायचं ते घरी रडू. मी पण रडेन तुमच्याबरोबर. आत्ता सांगा, हा मोकळा कसा करायचा? भरती उतरायला लागलीय.”

मिस्त्रींनी बाहीने डोळे पुसले आणि माझ्यावर हात फिरवला. “पाचर आता निघत नाही. ठोकळाच फोडावा लागेल.”

“पण फुटला की जहाज त्याच क्षणी सुटेल. समोर कोणी नको. बाजूच्या खड्ड्यात उभं राहून, लांब पहार लावून फोडता येईल?”

“येईल. याच्या लाकडाची नस मला पाठ आहे. तुम्ही फक्त जहाजाकडे लक्ष ठेवा आणि ओरडा.”

सगळ्यांना मागे हटवले. मिस्त्री खड्ड्यात उतरले. त्यांनी पहारीचे टोक माझ्या नसेवर टेकवले आणि फक्त मला ऐकू येईल असे म्हणाले, “लेकरा, पुष्कळ वाहिलंस. आता सोड.”

धरून ठेवणे मला जन्मभर शिकवले होते. सोडणे मी त्या एका क्षणात शिकलो.

पहिल्या घावाला मी कण्हलो. दुसऱ्याला माझ्या आत काहीतरी कडाडले. “हललं! बाबा, खाली बसा!” बाई ओरडल्या, आणि मी उभा दुभंगलो. जहाज आधी केसभर सरकले. मग हातभर. मग गडगडाट झाला, वंगणातून धूर निघाला, सगळा उतार थरथरला आणि आमचे जहाज, आमच्या माणसांनी आमच्या पत्र्यांतून बांधलेले जहाज, पाणी दुभंगून आत शिरले! एवढी मोठी लाट उसळली, की राजधानीचे पाहुणे खुर्च्यांसकट न्हाऊन निघाले. कोणाला पर्वा! ठिणगीने तुटलेली ओळ तिथूनच उचलली, आणि या वेळी होड्यांतल्या माणसांनीही ती झेलली.

मिस्त्री खड्ड्यातून वर आले. ते माझ्याच अर्ध्या अंगावर बसले. बाई त्यांच्याजवळ येऊन हसत आणि रडत म्हणाल्या, “बघा बाबा, पोट लायकीचं निघालं.”

माझा दुसरा अर्धा जहाजाला अडकून पाण्यात गेला होता. खलाशांनी तो वर काढला, घासूनपुसून कप्तानाच्या खोलीत ठेवला. तो जग बघत हिंडतो आणि मी इथे लोकांना बसायला जागा देतो. त्याचे त्याला, माझे मला.

त्यानंतर याच उतारावरून आरमाराची युद्धनौका उतरली. तिच्यामागून मालवाहू जहाजे, मासेमारीची जहाजे, आजाऱ्यांसाठी तरंगते रुग्णालय. माझे मात्र हाल झाले. ठोकळे सिमेंटचे आले. मी पत्र्याच्या शेडमागे पावसात पडून राहिलो, माझ्यावर चहाचे कप ठेवले, पानांच्या पिचकाऱ्यांचे डाग पडले. एकदा तर शेकोटीसाठी मला उचललेच होते. ठिणगी धावत आली. “ठेव खाली!” ती गरजली. “तू जन्मायच्या आधी अख्खं जहाज उचललंय त्याने. तुझ्याच्याने एक बादली उचलत नाही!”

तेव्हापासून मी छपराखाली आहे आणि दरवर्षी मला तेल मिळते. गोदीत एक रिवाजही पडला आहे. जलावतरणाच्या सकाळी सगळे हातोडे कपाटात कुलूपबंद होतात. कामातून निवृत्त झालेले मिस्त्री येऊन माझ्यावर बसतात आणि सगळी गोदी एका सुरात विचारते, “हात कुठेत, मिस्त्री?” ते दोन्ही हात उंच करून दाखवतात. मगच जहाज सुटते.

परवा आमचे ते पहिले जहाज दुरुस्तीसाठी घरी आले. बाईंनी माझा दुसरा अर्धा स्वतः उचलून आणला आणि माझ्याशी जुळवून बघितला. नस नसेला लागली, मित्रांनो! फटसुद्धा दिसेना. त्याच दिवशी त्या परक्या कप्तानाच्या देशाची माणसे गोदीत आली होती. ठिगळ लावून घ्यायला नव्हे, नवे जहाज बांधून घ्यायला. मिस्त्री माझ्या कानाशी वाकून म्हणाले, “सूत कातलं रे आपण!”

माझा दुसरा अर्धा उद्या पुन्हा समुद्रावर जाईल. जाऊ दे, सोडायला मी शिकलो आहे. तुमच्याकडे एवढेच मागणे आहे, मित्रांनो. कोणतेही मोठे काम दिसले, की एकदा वाकून त्याच्या खाली बघा. तिथे कोणीतरी मुकाट्याने भार धरून असेल. त्याला छप्पर द्या, तेल द्या, प्रेमाचा हात द्या. आणि आनंदाचा दिवस उजाडला, की तेवढा हातोडा कपाटात ठेवा!