मागे कोण उभं राहणार

बार पुढे

म्हणजे वजनं लावलेला लोखंडी बार गळ्याशी, खांद्यांवर टेकवलेला, कोपरं वर. असा स्क्वॉट, म्हणजे वजन घेऊन बैठक, करताना पाय अडकले तर बार पुढे टाकून द्यायचा आणि मागे सरकायचं. मागे कुणी लागत नाही. धाकटीला हा प्रकार आवडायचं कारण तेवढंच. अख्खा हिवाळा तिनं दुसरा केला नाही.

"मांड्यांसाठी चांगला," असं ती जिममध्ये सांगायची.

अडकल्यावर बार धरायला मागे जी उभी राहिली असती ती तिची थोरली जाऊ. या जिमची कोच, आणि स्पर्धेसाठी संघ निवडणारीही तीच. दोघी एका घरात राहायच्या, एकाच बेसिनवर दात घासायच्या आणि एकमेकींना पाण्यात बघायच्या.

बार पाठीवर

हे मागच्या निवडीचं. धाकटी खाली बसली, उठताना अर्ध्यावर अडकली (ती म्हणते, अडकली नव्हती, येत होती) आणि थोरलीनं मागून बारला दोन बोटं लावली. दोनच. पण मागच्याचा हात लागला की उचल बाद. संघातली जागा गेली. घरी सासूबाई म्हणाल्या, "थोरली होती म्हणून वाचलीस हो."

केसानं गळा कापायचा आणि वर आभारही घ्यायचे. धाकटीनं मानले आभार. सगळ्यांसमोर.

आज

पुन्हा निवड. जागा एकच, आणि स्पर्धेत बार पाठीवरच घ्यावा लागतो.

"पाठ आठवतेय ना?" थोरलीनं विचारलं.

"पाठ आठवते. पाठीमागचंही आठवतं."

बारवर वजनाच्या प्लेटा चढवत होती ती दातांची डॉक्टरीण. संध्याकाळी दवाखाना बंद करून यायची. ती म्हणाली, "एकदा माझ्या खुर्चीत बसा दोघी. तोंड उघडं ठेवून गप्प कसं राहायचं ते शिकाल."

थोरली धाकटीकडे वळली.

"बार कुठे घेणार?"

"मानेच्या खाली लगेच. ताठ बसणार."

"तुझ्या मांड्या लांब आहेत. अजून दोन बोटं खाली घे, कमरेतून वाक. वजन निघेल."

"म्हणजे तुमच्यासारखं."

"म्हणजे निघेल असं."

"ताई, हात लावू नका. मी मेले तरी."

"मरणाऱ्याला विचारून कुणी हात लावत नाही."

"रॅकच्या आडव्या दांड्या लावल्यात मी. बार त्यांच्यावर पडेल. तुम्ही हात मागे बांधा."

"आणि घरी काय सांगू?"

"हेच सांगा."

थोरलीनं हात मागे बांधले. जरा जास्तच घट्ट.

मानेखाली, ताठ

धाकटी खाली बसली. उठली. अर्ध्यावर आली आणि थांबली. बार वर जाईना. ती कशाची तरी वाट बघत होती. कशाची ते कळलं तेव्हा तिला स्वतःचाच संताप आला. थोरलीच्या हातांची.

हात आले नाहीत. बार दांड्यांवर आदळला. ती खाली बसून राहिली.

"नाही लावला," थोरली म्हणाली. "मागच्या वेळीही इथेच अडकलीस."

यावर उत्तर होतं, पण ते खोटं पडलं असतं.

"अजून एकदा करता येईल. कर, नाहीतर घरी जा. कपडे वाळत घालायचेत."

दोन बोटं खाली

बार खांद्यांच्या हाडाखाली टेकला. कमरेतून वाकायचं. थोरलीसमोर वाकतेय असंच वाटत होतं, आणि मागून ती ते बघत होती. धाकटी दात खाऊन खाली गेली. वर येताना त्याच जागी अडकेल असं वाटलं. अडकली नाही. बार कुरकुरत, रखडत वर गेला आणि रॅकवर बसला.

"हात लागला का?" तिनं डॉक्टरणीला विचारलं. थोरलीला नाही.

"नाही."

"नीट बघितलंत?"

"अहो, मागे बांधलेलेच होते."

थोरलीनं बोटं मोकळी केली. ती पांढरी पडली होती. "आलीस संघात. उद्यापासून बार असाच, माझ्या पद्धतीनं. आणि मागे मी."

धाकटी कमरेचा पट्टा सोडत होती. "पद्धत घेते. मागे डॉक्टरीणबाई उभ्या राहतील."

"तिच्यानं रिकामा बारसुद्धा उचलवत नाही. तू अडकलीस तर ती काय करणार?"

"ओरडतील," धाकटी म्हणाली. "मला तेवढं पुरे."