गा आणि वं

बेसा रोडला आमच्या लेआउटमध्ये, म्हणजे वसाहतीत, सावलीचं झाड एकच, कडुनिंबाचं. त्याखाली लहानू आपली शाळेची व्हॅन उभी करायचा. मग बाबारावांनी नवी कार घेतली आणि त्या कारला ऊन सोसेना.

बाबाराव निवृत्त माणूस, कायद्याचे जाणकार. म्हणजे कोर्टाच्या बातम्या पेपरातून मोठ्यानं वाचणारे. आपली बायको कौशल्याबाई हिला लहानूनं गल्लीत एकटं गाठून धमकी दिली, असं त्यांनी ठरवलं. काय शब्दांत दिली, तेही त्यांनीच ठरवलं.

घरातच तालीम झाली. बाबाराव लहानू झाले आणि हात उगारून म्हणाले, "थांब गा, तुले दाखवतो." कौशल्याबाईनं ते पाठ केलं, पोलिसांत लिहून दिलं आणि मग घरोघरी फिरली. "बाईमाणसाले धमकावते तो. अन् तुमी पोरं त्याच्या गाडीत बसवता."

व्हॅन रिकामी झाली. पूर्वी ती दिवसभर फिरायची तरी. आता तिला जायला जागाच नव्हती, म्हणून ती कडुनिंबाखालून हलेना. कार उन्हातच राहिली.

तारखा पडत गेल्या. शेवटी कौशल्याबाई साक्षीला उभी राहिली. लहानूच्या वकील नंदिनीताई काटोलकडच्या, याच बोलीत वाढलेल्या.

"तो नेमका काय म्हणाला? त्याचेच शब्द सांगा."

"थांब गा, तुले दाखवतो."

"सोबत कोणी पुरुष होता?"

"नाही. मी एकटीच होती."

"मग 'गा' कोणाला म्हणाला? 'गा' तर पुरुषाला; बाईला आपल्याकडे 'वं' म्हणतात."

दारातला शिपाई आधी हसला. कौशल्याबाईनं गडबडून नवऱ्याकडे पाहिलं. "आवो, तुमीच तर 'गा' म्हनलं होतं."

लहानू निर्दोष सुटला. कोर्टानं नवराबायकोला नोटीस काढली: खोटी तक्रार, खोटी साक्ष, तुमच्यावर खटला का चालवू नये? त्या दिवसापासून बाबारावांना अन्न गोड लागेना. आपल्यासारख्या निष्पाप माणसाला कसं अडकवतात, हे ते लेआउटभर सांगत फिरले.

व्हॅन मात्र रिकामीच. "सुटला म्हणजे काही केलंच नसंल, असं थोडीच," बाया म्हणायच्या.

शेवटी दोघं लहानूच्या दारी गेली. "मिटवून टाक गा," बाबाराव म्हणाले. "माफी मागून राहिलो ना."

"माफी घेऊन मी काय करू? गाडीत पोरं पाहिजेत मले." लहानू कौशल्याबाईकडे वळला. "वहिनी, ज्या घरी खोटं सांगून आल्या, त्याच घरी खरं सांगून या."

सकाळी कौशल्याबाईनं चपला घातल्या. बाबाराव फाटकापर्यंत धावले. "घरोघरी कबूल करशील तर सारे आपल्याविरुद्ध साक्षीदार होतील. अडाणी." ती थांबेना, तसा त्यांनी हात उगारला. "थांब वं, तुले दाखवतो."

कौशल्याबाईनं वळून पाहिलं.

"आता बरोबर म्हनलं तुमी," ती म्हणाली, आणि शेजारच्या घराची बेल दाबली.