सुनावणीला आलेला कुत्रा

गांजा कायदेशीर करावा की नाही, यावर समितीची सुनावणी चालू होती, आणि माझ्या टेबलाखालच्या पिशवीत गांजा होता.

फार नाही, एक पुडी. दवाखान्यात ओळख झालेल्या एका बाईने सकाळी मी कामावर येताना इथल्या फाटकापाशी ती माझ्या हातात कोंबली होती. आमच्या ह्यांची केमो चालू आहे, पोटात पाणीसुद्धा ठरत नाही. त्या पाल्याचा काढा दिला की दोन घास टिकतात, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. नवरा उपाशी झिजताना बघत कायद्याची वाट बघत बसायचं, एवढी मी सोशिक नाही. पण सापडले तर नोकरी जाईल, मी आत जाईन, आणि मग ह्यांना भरवणार कोण?

समितीची लेखनिक म्हणून मला बावीस वर्षं झाली. बोललेलं सगळं टिपायचं, कोणी हसलं तर कंसात 'हशा' लिहायचं आणि आपण तोंड उघडायचं नाही, हा नियम. सकाळी दोन डॉक्टर बाजूने बोलले, एक मुख्याध्यापिका विरुद्ध बोलल्या. अध्यक्षांनी दोन्ही बाजूंना सारख्याच जांभया दिल्या.

दुपारी पोलिसांची पाळी. श्वानपथकाचा हवालदार एक तपकिरी कुत्रा घेऊन आला आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. सदस्यांच्या बॅगा ओळीने मांडल्या होत्या, त्यांतल्या एकीत पोलिसांनीच नमुना लपवला होता. कुत्र्याने तो चुटकीसरशी शोधला. टाळ्या पडल्या. हवालदार त्याला घेऊन दाराकडे वळला, पण कुत्रा वळला माझ्याकडे.

तो भुंकला नाही. पिशवी हुंगली, तिच्यासमोर ताठ बसला आणि हवालदाराकडे बघू लागला.

"साहेब, हा असा बसला म्हणजे माल असतो," हवालदार म्हणाला.

अध्यक्षांना हसू फुटलं. "अहो, बाईंचा डबा असेल तो! आमच्या बाई साधा चहासुद्धा घेत नाहीत."

मी कंसात 'हशा' लिहिला.

गांजा कायदेशीर करावा या मताचे एक सदस्य उसळून उठले. "बघा! असल्या कुत्र्यांच्या भरवशावर आपण माणसं तुरुंगात टाकतो!"

हवालदाराचा चेहरा पडला. "सात वर्षांत एकदाही चुकला नाही हा, साहेब. चुकला असेल तर मी स्वतः त्याला पथकातून काढतो." मग तो माझ्याकडे वळला. "बाई, तुम्हीच सांगा. आहे का काही?"

आवाजात राग नव्हता. विनवणी होती, आणि तीच मला सोसेना. मला इथे बोलायची परवानगी नाही, एवढंच सांगायला मी मान हलवली.

"नाही म्हणतायत," अध्यक्ष म्हणाले. "झालं तर! लिहा बाई, कुत्रा चुकला."

मी तसं म्हणाले नव्हते. एक शब्द उच्चारला असता तर गैरसमज तिथेच मिटला असता, आणि मीही मिटले असते. मी लिहिलं, कुत्रा चुकला. अक्षर नेहमीसारखंच सुवाच्य आलं.

हवालदार खाली बसला आणि त्याने कुत्र्याच्या मानेवर हात ठेवला. "होतं रे असं. वय झालं आता तुझं." त्याने पट्टा ओढला, पण कुत्रा जागचा हलेना. शेवटी त्याने त्याला कडेवर उचललं.

सुटले, असं मला वाटायला हवं होतं. पण दारातून बाहेर जाईपर्यंत तो कुत्रा हवालदाराच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत होता, आणि मला माझीच भीती वाटत होती.