म्हसोबाच्या नावचा परवाना

धामणवाडीत दारू मिळत नाही असं कुणी म्हटलं असतं, तर नाल्यातली बेडकंसुद्धा हसली असती. घरटी नसली तरी आळीला एक भट्टी होतीच. पण सरकारमान्य दुकानाला वर्षभर कुलूप होतं. दुकानाचा ठेका घेणारा गुत्तेदार आणि आबकारीवाले यांचं कशावरून तरी फाटलं होतं. तेव्हा कागदोपत्री बघाल तर अख्ख्या निजामी मुलखात धामणवाडीइतकं सोवळं गाव दुसरं नव्हतं.

या सोवळ्याचा जाच झाला तो रायभान धनगराला, आणि तोही बायकोपायी. नातीला ताप भरला होता. पोर डोळा उघडेना, तेव्हा आसराबाईनं नाल्याकाठच्या म्हसोबाला नवस बोलला: पोर उठून बसली की तुला दारूची धार घालीन, आणि धार घालेपर्यंत भाकरीला शिवणार नाही. म्हसोबानं आपलं काम चटकन उरकलं. पोर उठली आणि कोकरांमागं पळायला लागली. आसराबाई मात्र ताकावर आणि मूठभर फुटाण्यांवर राहिली.

शेजारच्या कडूबानं घरची बाटली फुकट देऊ केली. आसराबाईनं ती आल्या पावली परत पाठवली. चोरून गाळलेली दारू देव घेत नाही, उलट पोरीचं दुखणं माघारी येतं, असं तिचं ठाम म्हणणं. दुकानातलीच आणा आणि परवान्यानं आणा, असं तिनं नवऱ्याला बजावलं. रायभानला तिचा राग आला आणि राग ओसरायच्या आत तिची दयाही आली. बाई काडीसारखी झाली होती. तिच्यादेखत त्याच्या घशाखाली घास उतरेना, म्हणून तो मेंढवाड्यामागं जाऊन चोरासारखी भाकरी खायचा.

जवळचं दुसरं दुकान नाल्यापलीकडं, दुसऱ्या गुत्तेदाराच्या हद्दीत. एका हद्दीतली बाटली दुसऱ्या हद्दीत न्यायची तर परवाना लागतो, असा कायदा होता. तो पाळणारा मात्र अजून कुणी जन्माला आलेला नव्हता. त्यामुळं रायभाननं तालुक्याच्या कचेरीत हात जोडून परवाना मागितला तेव्हा मुन्शी दचकलाच. पिंपंच्या पिंपं बिनबोभाट जातात, आणि हा गडी एका बाटलीसाठी अर्ज करतो? म्हणजे याच्या घोंगड्याखाली नक्की पिंप असणार. त्यानं घोंगडं झाडून घेतलं. त्यातून गोचीड निघाले, पण पिंप काही निघालं नाही, म्हणून त्याचा संशय आणखीच वाढला.

मग हेलपाटे सुरू झाले. कधी साहेब दौऱ्यावर, तर कधी शिक्का कपाटात आणि किल्ली साहेबांबरोबर दौऱ्यावर. अर्जदार दारू पीत नाही असा पाटलाचा दाखला लागला; तो पाटलानं डुलत डुलत लिहून दिला. शेवटी मुन्शीनं कागद पुढं ओढला आणि पिणाऱ्याचं नाव विचारलं. रायभान खोटं कशाला बोलेल? त्यानं म्हसोबाचं नाव सांगितलं.

"बापाचं नाव?" मुन्शीनं मान वर न करता विचारलं.

रायभाननं डोकं खाजवलं. "ते माह्या आज्याच्या आज्यालाबी ठाव नव्हतं, साहेब."

म्हणून कागदावर उतरलं ते असं: म्हसोबा, बाप नामालूम, पेशा देव, राहणार नाला. साहेबांनी महत्त्वाच्या कागदांवर मारतात तसा, न वाचता, शिक्का मारला.

बाटली घेऊन रायभान हद्दीवरच्या नाक्यावर पोचला. नाल्यापलीकडं, गावाच्या बाजूला, म्हसोबाजवळ आसराबाई शेंदूर घेऊन बसलेली त्याला दिसत होती. नाक्यावर रखमाजी जमादार होता, बदनापूरकडचा माणूस. त्यानं परवाना उलटसुलट करून पाहिला. त्यात एकही चूक नव्हती, हीच पंचाईत. चूक असती तर तिच्यावर चार पैसे सुटले असते. कागदावर लिहिलेला माल आणि बाटलीतला माल एकच आहे का, हे तपासणं आता त्याला भाग पडलं. वासावरून नीट कळेना, म्हणून त्यानं जीभ लावली. एका घोटानं खात्री पटेना, दुसऱ्यानं पटली, पण सरकारी काम अर्धवट सोडू नये. होता होता तळ दिसला. जमादारानं परवान्यावर 'माल पोचला' असा शिक्का मारला आणि बाटली रायभानच्या हातात दिली.

रायभान नाक्याच्या ओट्यावर बसला आणि रडला. मेंढरं लांडग्यानं नेली तेव्हाही तो रडला नव्हता. ते पाहून आसराबाई नाला ओलांडून आली, कमरेला भाकरीचं गाठोडं. तिनं रिकामी बाटली पाहिली, नवऱ्याकडं पाहिलं, जमादाराच्या मिशा पाहिल्या. ती भांडली नाही. मायेनं तिनं जमादाराचं नाव, गाव आणि लेकरं किती ते विचारलं. दोन पोरं, असं तो खुशीत म्हणाला. मग तिनं त्याच्या कपाळाला शेंदूर लावला. जमादाराला वाटलं, आपला मान होतोय.

"नवसाची दारू देवाच्या आधी ज्यानं तोंडाला लावली, नवस त्याच्यावर गेला," ती म्हणाली. "तुमच्याकडंबी हीच रीत असंल."

जमादाराची नशा खाडकन उतरली. त्याच्याकडंही रीत तीच होती. त्याची आई याच भीतीनं निवदाच्या ताटाकडं पोरांना फिरकू देत नसे. परवान्यावर तर 'माल पोचला' असा शिक्का त्यानं स्वतःच मारून ठेवला होता.

"धार आता तुमी घालायची," आसराबाई म्हणाली. "चोरीची चालत न्हाई, परवान्याचीच पायजे. आन् तवर भाकरीला शिवायचं न्हाई. लेकराबाळांचे धनी हायेत तुमी."

"मला कोण परवाना दील, बाई?" जमादार बारीक आवाजात म्हणाला. "माह्यावर कोण भरोसा ठेवंल?"

त्याची सोय लावणं आता तिचं काम नव्हतं. ती नवऱ्याशेजारी ओट्यावर टेकली. गाठोडं सोडून तिनं ज्वारीची भाकरी मोडली, अर्धी त्याच्या हातावर ठेवली, अर्धी स्वतः घेतली. पहिला घास तिनं हळूहळू चावला. रायभान आपली भाकरी विसरून तिच्या तोंडाकडंच पाहत राहिला, आणि तिनं घास गिळल्यावर मग त्यानंही घेतला.

जमादाराचा घरून आलेला डबा समोरच होता. त्यानं झाकण काढलं, आतल्या भाकरीकडं पाहिलं, आणि झाकण परत लावलं.