खाटेखालची कॅसेट

“ती कॅसेट आधी पिशयेत टाक. लोक बघतत,” विजयकुमार दातओठ खाऊन म्हणाले.

“बघूंदेत. मी ती डॉक्टराच्या टेबलार ठेवतलंय,” रत्नमाला म्हणाली.

ती कॅसेट म्हणजे मी. साठ मिनिटांची, दोन्ही बाजूंनी भरलेली. कुवेतमधल्या मानसोपचाराच्या दवाखान्यातल्या बाकावर, रत्नमालेच्या मुठीत होते आणि माझ्यावरून नवराबायकोची जुंपली होती. साल अठ्ठ्याण्णव. तिच्या दिराला, पुंडलिकला, नर्स रक्त तपासायला घेऊन गेली होती. नंबर यायला चार माणसं बाकी होती. जे ठरायचं ते तेवढ्यात ठरायचं होतं.

माझी सुरुवात कुवेतच्याच खैतान भागातल्या एका दुकानात, तीनच्या पाकिटात. रत्नमालेने मला विकत घेतलं आणि सासूसाठी माझ्यात बोलून ठेवलं. मुलीला पहिला दात आला, इथल्या मासळीला चव नाही, तुम्ही पाठवलेल्या कोकमाच्या सोलांना बुरशी आली. सुट्टीवर निघालेल्या कुणाच्या तरी बॅगेतून मी कुडाळकडच्या गावी गेले आणि सासूचं गुडघ्यांचं दुखणं भरून परत आले. पुसायचं, भरायचं, पाठवायचं. पत्रात माणसं हात राखून लिहितात. माझ्यापुढे खोकतात, रडतात, मध्येच कोंबड्या हाकलतात. माणूस मी असा ऐकून ऐकून शिकले, त्यामुळे मला कुणी शहाणपण शिकवायला येऊ नये.

पुंडलिक तिथल्याच अर्दिया भागातल्या वर्कशॉपमध्ये वेल्डर. भावाच्याच घरी राहायचा. हात असा सफाईचा, की त्याने मारलेला जोड बोटाला लागायचा नाही. सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात त्याचं जेवण सुटलं. ‘कामावरची माणसं एसीतून माझ्याविषयी बोलतात,’ म्हणायचा. विजयकुमारांनी कामावर कळवलं, पोट बिघडलंय. वेडाचं नाव निघालं तर इकामा, म्हणजे तिथे राहण्याचा परवाना, जाईल, भावाला विमानात बसवतील, ही धास्ती. शेवटी रत्नमालेने हट्ट धरला, तेव्हा कुठे दवाखाना झाला. डॉक्टर इजिप्तचा, सबुरीचा. पुंडलिक मालवणीत बोलायचा, विजयकुमार इंग्रजीत सांगायचे. गोळ्या लागू पडल्या. दोन महिन्यांत एसी गप्प झाला आणि पुंडलिक चपातीवर चपाती मागू लागला.

इथवर सगळं ठीक होतं. मग मी आले.

गावी पुंडलिकच्या आईच्या कानावर त्याचं दुखणं गेलं होतं. तिने गुरवाकरवी देवळात गाऱ्हाणं घालून ते माझ्यात भरून घेतलं. खणखणीत आवाजात पुंडलिकचं नाव, घराणं, दुखणं, आणि दर वाक्याला गावकऱ्यांचं ‘होय म्हाराजा!’ शेवटी गुरवाने बजावलं, हे रोज एकदा त्याच्या उशाशी लावा, एकेचाळीस दिवस. आणि ज्याच्यासाठी लावाल त्याला कळता कामा नये. सुट्टीवरून परतलेल्या, गावच्याच जयरामने मला आणून दिलं.

विजयकुमार दुपारच्या सुट्टीत घरी यायचे. तेव्हा पुंडलिक गोळीच्या गुंगीत पडलेला असायचा. ते खाटेखाली टेपरेकॉर्डर सरकवून बटण दाबायचे. रत्नमाला स्वयंपाकघरातून हात जोडायची. खोटं कशाला सांगू, मलाही फुशारकी वाटायची. देवाचं काम माझ्याकडे!

पुढच्या खेपेला डॉक्टरने नेहमीचा प्रश्न विचारला, कुणी नसताना आवाज येतात का?

“येतत,” पुंडलिक सरळपणे म्हणाला. “दुपारी, खाटीखालसून. गावचो गुरव माझा नाव घेता. मागसून सगळो गाव ओरडता.”

विजयकुमारांनी शब्दन् शब्द इंग्रजीत सांगितला. खाटेखाली काय आहे, तेवढं गिळलं. डॉक्टरने गोळ्या वाढवल्या. त्यापुढच्या खेपेला पुन्हा तेच, पुन्हा वाढवल्या. पुंडलिकचे हात थरथरू लागले. ज्या हातांनी लोखंड जोडलं, त्यांना शर्टाचं बटण लागेना. आता फरक पडला नाही तर वॉर्डात ठेवू, असं डॉक्टरने सांगितलं.

रत्नमाला तोवर दवाखान्यात गेलेली नव्हती. त्या सकाळी ती दिराला चमच्याने पेज भरवत होती. तो म्हणाला, “वहिनी, आज माका दाखल करतले. तो गुरव काय माका सोडणा नाय.” चमचा हवेतच राहिला. तिने वाकून मला आणि टेपरेकॉर्डरला बाहेर ओढलं, पिशवीत कोंबलं आणि म्हणाली, मीपण येतंय.

तर, बाकावर.

“तेरा दिवस रवले, गो. मधीच बंद केला तर देव खवळात.”

“आणि ह्याका वॉर्डात घातलो तर देव हसात?”

“डॉक्टर हसात! म्हणात, ही अडाणी माणसा. धा वर्षां हय फोरमन म्हणान मान ताठ ठेवलंय मी.”

“तुमची मान ऱ्हवांदे. तेचे हात बघितलास?”

पुढचं थोडक्यात सांगते. टेबलावर मला लावलं. डॉक्टरने ते सगळं ऐकलं. तो हसला नाही. वाढवलेल्या गोळ्या टप्प्याटप्प्याने उतरवल्या. पुंडलिकने टेपरेकॉर्डरवर हात ठेवून विचारलं, “म्हणजे हो आवाज खरोच होतो?” भावाशी तो दोन महिने बोलला नाही. वर्षभराने वेल्डिंगला परत लागला. आता नऊ वर्षं झाली, रोजची एक गोळी चालू आहे, डॉक्टरकडे वहिनी सोबत जाते.

मी शिवणाच्या डब्यात पडून आहे. मला लावायला आता घरात यंत्रही नाही, त्याचं दुःख नाही. देवाला खुशाल गाऱ्हाणं घाला, मी आड येणार नाही. पण घरातलं काय ते डॉक्टरलाही सांगा, आणि माझ्यासारखीला पुन्हा कुणाच्या खाटेखाली लपवू नका.

त्या दिवशी आमचा नंबर पुकारला तेव्हा विजयकुमारांनी मला हिसकायला हात पुढे केला होता. रत्नमालेने तो हात बाजूला सारला आणि म्हणाली:

“मगे त्यो वाढवलेल्यो गोळ्यो आजपासून तुमी खावा, टेप तुमी लावलास, तेणां नाय.”